शाहाचा चेक

चौकड्यांचा सदरा घालून नानाकाकांच्या फाटकासमोरून जायची सोय नव्हती.

"अरे थांब! अंगात काय आहे तुझ्या?"

"सदरा, नाना."

"बुद्धिबळाचा पट आहे तो! इंग्रज त्याला चेक म्हणतो. का?"

मग झोपाळ्यावर बसून इराणपासून सुरुवात. तिथे राजा म्हणजे शाह. पटावर राजा कोंडीत आला की "शाह!" म्हणायचं. हा शब्द अरबस्तान, फ्रान्स करत विलायतेला पोचला तो चेक होऊन. पुढे कुणालाही अडवलं की चेक, तपासलं की चेक, चौकड्या दिसल्या तरी चेक.

कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यावर नानांना हा एकच शब्द पुरला होता. एकदा एस.टी.त कंडक्टर तिकिटं चेक करू लागला, तर त्यालाही इराण सुरू. तो म्हणाला, "आजोबा, इराण राहू दे, हातखंब्याचं तिकीट दाखवा!"

मी शेजारच्या घरातली, मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आणि चारचौघांत न बोलणारी, म्हणून ऐकायला हमखास सापडे.

"मूळ बघावं गो, मूळ! तुमच्या मडमेने सांगितलं होतं हे?"

"नाही, काका."

"मग फी परत माग!"

माझ्याकडे आणखी एक काम असे. नानांचे मित्र हसनमियां मुलाकडे आफ्रिकेत, मोंबासाला गेले होते. दोघांचा डाव टपालाने चाले. एका पत्रात एक चाल, खाली खुशालीच्या दोन ओळी. नानांचा हात थरथरे, म्हणून पत्रं मी लिही. हसनमियां एरवी पत्र लिहिणाऱ्यातले नव्हते. काकू गेल्यापासून नाना त्या दोन ओळी आठवडाभर वाचत.

एकदा पट पाहून मला राहवलं नाही. "काका, हत्ती सरकवला की मात!"

"दिसतंय मला."

"मग?"

"मग डाव संपेल. मेला पुन्हा लिहील कशावरून? लिही, प्यादं एक घर पुढे."

दीड महिन्याने उत्तर आलं. हसनमियांच्या वजिराला नानांचा तोच हत्ती फुकट मिळत होता. त्यांनी तो सोडून आपला घोडा मागे घेतला होता.

मी घोडा पटावर ठेवला. नानांनी वाचलेल्या हत्तीच्या डोक्यावर बोट टेकवलं.

"दिसलंय मेल्याला," ते हळूच म्हणाले.