लिफ्टविषयीचा आदर्श अर्ज

विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धड चार ओळी लिहिता येत नाहीत, असा निष्कर्ष एका चाळीस पानी अहवालात काढण्यात आला. अहवाल मीच लिहिला होता, त्यामुळे तो कुणी वाचला नाही. उपाय मात्र तातडीने मंजूर झाला. प्रत्येकाने आवारातली एक खरीखुरी समस्या निवडायची, तिच्यावर अर्ज लिहायचा, आणि तो संगणक तपासणार. समन्वयक म्हणून माझीच वर्णी लागली.

कुबड्या घेऊन चालणाऱ्या एका मुलीने लिहिलं, "लिफ्ट दोन महिने बंद आहे. मला तीन जिने चढवत नाहीत. वर्ग तळमजल्यावर घ्या, नाहीतर हजेरीअभावी मला परीक्षेला बसता येणार नाही." संगणकाने शंभरपैकी नऊ गुण दिले. शेरा होता: मजकूर चटकन समजतो, विवेचन वाढवावे.

मी खाली जाऊन तिला समजावलं. पोरगी हुशार. दुसऱ्या खेपेला 'ऊर्ध्वगमनातील संरचनात्मक अडथळे' आले आणि एकसष्ट गुण मिळाले. पाचव्या खेपेला अर्जात लिफ्ट उरलीच नाही. शहाण्णव! खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला.

आणि नेमका तेव्हाच लिफ्टचा मिस्त्री खालच्या दारात हजर. आमच्या शिपायाने म्हणे त्याला सरळ फोन केला होता. चाळीस जणांनी हीच समस्या निवडली होती. ती सुटली तर नियमानुसार चाळीसही अर्ज बाद होणार होते. मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलं. शिपायाला कारणे दाखवा नोटीस दिली.

मुलगी तिथेच खाली बाकावर बसली होती. "सर, माझा पहिला अर्ज तुम्ही वाचला होता?"

"वाचला की. लगेच कळला."

"मग?"

या प्रश्नासाठी आमच्या नमुन्यात रकाना नव्हता.

हजेरी कमी भरली, तिला परीक्षेला बसू दिलं नाही. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. तिचा पाचवा अर्ज आम्ही पुस्तिकेत आदर्श म्हणून छापला. लोक मला थांबवून सांगतात, फार छान लिहिलंय हो. तुम्हीही आता तेच म्हणाल आणि पान उलटाल. खुशाल उलटा. ती खाली बाकावर बसलेली आहे, आणि तिला आता कसलीच घाई नाही.