नाव वर येईल अशी घडी

भाच्याच्या सिनेमातून आपल्याला काय सुटणार, हे चनबसप्पांनी आधीच मनात मांडून ठेवलं होतं. द्यायचं काय, तर चादरीचं दुकान चार दुपारी शूटिंगला. घ्यायचं काय, तर काठात विणलेलं ‘चनबसप्पा, सोलापूर’ हे नाव भिंतीएवढं होऊन अख्ख्या पेठेला दिसायचं. तेही फुकटात. शहात्तर सालचा तो उन्हाळा. पुण्याला सिनेमा शिकून आलेला शिवयोगी मित्रांच्या वर्गणीतून काळापांढरा सिनेमा काढत होता. त्यात आहे काय, हे विचारायला मामांना सवड झाली नाही. अट मात्र त्यांनी घातली.

“चादर उलगडायची, परत घडी घालायची. आन् दर घडीला नाव वर आलं पायजे.”

“येतंय की, मामा.”

एका रविवारी सकाळी थेटर भाड्यानं घेऊन खेळ ठेवला. चनबसप्पांनी पेठेतले व्यापारी पुढच्या रांगांत आणून बसवले, शेजारी बायको महानंदा. पडद्यावर दोन गडी एकाच दुकानात कामाला, एकाच खोलीत राहणारे. अर्धा तास झाला तरी त्यांच्या लग्नाचं कुणी काढीना.

“हिरॉईन कवा येनार गं?”

“यायची न्हाय ती. सुम्मने, गप बघा.”

मग चादर आली. दोघांनी दोन टोकं धरून झटकली, चालत जवळ आले. बोटांना बोटं टेकली, नाव वर. मागं सरले, परत आले; नाव वर. तिसऱ्या घडीला एकानं टोकं दुसऱ्याच्या हातात दिली आणि बोटं सोडवलीच नाहीत. दोघे तसेच उभे, एकमेकांकडं बघत. दोघांच्या छात्यांमधे ठळक ‘चनबसप्पा, सोलापूर’.

मागून कुणी शिट्टी मारली. तिला जोडीदार मिळाला नाही. सगळं थेटर श्वास धरून बसलं. ही घडी चनबसप्पांनी लाखभर वेळा पाहिली होती, दिसली मात्र आज. नंदीच्या शिंगांमधून गाभाऱ्यातला दिवा दिसावा, तशी. अंगावर काटा आला.

बाहेर उन्हात काटा उतरला आणि धंदा आठवला. एक व्यापारी हसत म्हणाला, “आप्पा, तुमची चादर लई डबल निघाली की, दोन गड्यांची.”

चनबसप्पांनी भाच्याचं मनगट धरलं. “असलं कुटं बघितलास रं तू?”

“तुमच्याच दुकानात, मामा. पदरचं कायबी घातलं न्हाय मी.”

चनबसप्पांना हरिबा आणि येडू आठवले. दुकानातले दोन जुने गडी. अठरा वर्षं चादरीची दोन टोकं धरणारे, एका खोलीत राहणारे. नातं विचारलं की ‘गाववाले’ एवढंच सांगणारे.

सोमवारी दुकान उघडताच त्यांनी हुकूम सोडला. “येडू, उद्यापासनं तू आपल्या कुर्डुवाडीच्या दुकानात बस.”

“व्हय, मालक,” येडू म्हणाला आणि मागं जाऊन पिशवी भरू लागला. हरिबा मोजलेल्या चादरी पुन्हा मोजत राहिला.

इतक्यात गिऱ्हाईक लोटलं. “सिनेमातली चादर दावा. घडी घालून दावा.”

येडू मागं, तेव्हा दुसरं टोक मालकांनीच धरलं. पहिल्यांदा नाव आत गेलं. दुसऱ्यांदा उलटं आलं. तिसऱ्यांदा काठ धोतरात अडकून मालक हरिबाच्या अंगावर गेले. गिऱ्हाईक खुदखुदलं.

“तुमी ओडताय, मालक,” हरिबा हळूच म्हणाला. “ओडायचं नसतंय. समोरच्याकडं बघायचं असतंय.”

चनबसप्पांनी टोक खाली ठेवलं. “येडू, ये हिकडं. धर.”

दोघे चालत जवळ आले. नाव वर. मागं सरले, परत आले. नाव वर. गिऱ्हाईक थेटरातल्यासारखं गप्प झालं. चनबसप्पांना उगाच टोपी काढावीशी वाटली.

“कुर्डुवाडीचं कसं, मालक?” येडूनं पिशवीकडं बघत विचारलं.

“तितं चादरी खपत न्हाईत.”

सिनेमातली मूळ चादर शिवयोगीनं परत आणून दिली होती. ती काचेआड ठेवलेली एका गिऱ्हाइकानं हेरली. “हीच द्या की.”

“ती इकल्याली हाय.”

“हितंच तर दिसतीया. पैसं कुनी दिलं?”

चनबसप्पांनी टोकं जुळवणाऱ्या त्या दोघांकडं मान वळवली.

“त्यांनी. हप्त्यानं दिलं. अठरा वर्सं.”