निंकी नांकाचं मामकूळ

निंकी नांकाचे मामा कोणत्या गावचे, हे नाना मला आठ दिवस विचारत होते. निंकी नांका हा पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया नदीच्या दलदलीत राहणारा, अजगरासारखा लांबलचक राक्षस आहे. त्याला मामा असतील असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

हा राक्षस धुळ्याच्या देवपुरात माझ्यामुळे आला. माझे वडील रावेरला केळीचे घड वाहायचे, आई पॅकिंगला जायची. केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही, त्यामुळे आमच्या घरात डाग नसलेला कपडा नव्हताच. धुळ्याच्या कॉलेजात पहिल्या दिवशी गेले तेव्हा बाहीवरचा डाग झाकायला मी वही छातीशी धरून बसले होते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.

पदवीनंतर बंगळुरूच्या एका कंपनीनं मला परीक्षा म्हणून एक काम दिलं. कंपनी रोलप्लेइंग गेमची पुस्तकं काढते. या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि पुढं काय घडणार ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. निंकी नांकाला या खेळात बसवून दोन पानं लिहायची होती. पसंत पडली तर कायमची नोकरी. नाही पडली तर रावेरला परत, आईशेजारी पॅकिंगला.

दुपारी मी नानांच्या दुकानात टायपिंग करायचे. लग्नपत्रिका आणि लग्नाचे बायोडाटा हा दुकानाचा धंदा. खेळही मला नानांनीच शिकवला. दर रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून ते कॉलेजच्या चार पोरांना खेळवायचे. खेळात नवा राक्षस आणायचा तर त्याचा आधी बायोडाटा व्हायलाच हवा, हा त्यांचा नियम. फाइल लग्नाचीच, म्हणून वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ आणि खाली नाव, उंची, वर्ण, शिक्षण, मामकूळ, अपेक्षा.

"नाना, राक्षसाचं शिक्षण काय लिहायचं?"

"चौकशी करनी पडी."

हे त्यांचं कायमचं अहिराणी वाक्य. एकदा बर्फाच्या राक्षसाच्या नावावर शेती किती याची चौकशी पूर्ण होईना, म्हणून खेळ तीन रविवार थांबला होता.

"आणि चौकशी त्याना गाववालाकडेच करनी," नाना म्हणाले. "इंटरनेटवर बठ्ठा लोक खोटं बोलतस."

मग मी खेळाच्या एका ग्रुपवर गांबियाचा माणूस शोधला. लामिन नावाचा शाळामास्तर भेटला. व्हिडिओ कॉल लावला, तर नाना कॅमेऱ्यात न येता माझ्या मागून प्रश्न सोडत होते. मामांचा प्रश्न मी इंग्रजीत विचारला आणि लामिन इतका हसला की त्याच्या हातातून फोन पडला. मग म्हणाला, "आजी आम्हाला दलदलीकडे जाऊ द्यायची नाही. निंकी नांकाला जो पाहतो तो थोड्याच दिवसांत मरतो. कोणी सांगतं त्याला शिंगं आहेत, कोणी सांगतं तोंड घोड्याचं. आरसा दाखवला की मात्र निंकी नांकाच मरतो म्हणतात."

फोन ठेवल्यावर नाना म्हणाले, "ज्यानी देखं तो मरी गया. मंग शिंगं कोनी मोजी?"

मी उंचीच्या आणि मामकुळाच्या रकान्यांत ‘चौकशी चालू’ असं लिहिलं.

शेवटचा रकाना अपेक्षांचा. "तो कोरा राहू द्या नाना, राक्षसाला कसल्या अपेक्षा?"

"कोरा रकाना मी कधी छापेल नही, माय."

पानं पाठवायच्या आधीच्या रविवारी पोरांना बसवून खेळ तपासायचा ठरला. निंकी नांका नाना स्वतः झाले. गांबियातला राक्षस अस्सल अहिराणीत बोलायला लागला तशी पोरं हसून लोळली. पण पाच मिनिटांत हर्षल, चौघांतला सगळ्यात आगाऊ, आरसा काढून मोकळा झाला. आता फासा टाकायचा, राक्षस मरणार, खेळ खलास. असली पानं कोण पसंत करणार?

हर्षललाही मजा आली नव्हती. "ओ निंकीभाऊ," तो म्हणाला, "मरता मरता अपेक्षा तरी सांगून द्या. रकाना कोरा आहे म्हणे तुमचा."

नाना टेबलाकडं बघत म्हणाले, "कोनी तरी माले देखीसन घर जावाले पायजे. जेवाले पायजे. बस."

कोणी हसलं नाही.

इथं एक सांगायला हवं. नानांच्या अर्ध्या चेहऱ्यावर कोड आहे. आधी सांगितलं नाही, कारण मला आता ते दिसत नाही. पण सुरुवातीचे कितीतरी महिने मीही त्यांच्याशी बोलताना स्क्रीनकडे बघायचे. सगळी गिऱ्हाइकं तसंच करतात. त्यांची अडचण होऊ नये म्हणून नाना स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ठेवतात.

हर्षलनं आरसा खिशात घातल्याचा अभिनय केला, खुर्ची पुढं ओढली आणि नानांच्या तोंडाकडं सरळ बघायला लागला. "बघतोय मी. काय दिसतं तेही सांगतो. शिंगं नाहीत. डोळे तपकिरी. मिशी एका बाजूला पांढरी. दाढी दोन दिवसांची. टाका फासा."

नानांनी फासा टाकला. विसांपैकी दोनच आले. म्हणजे हर्षल मेला. आणि फाशाच्या बाबतीत नाना फार कडक. गेल्या दिवाळीत त्यांनी वाढदिवस असलेल्या पोरालाही खेळात मारलं होतं.

नानांनी फासा उचलून मुठीत धरला. "टेबल हाललं," म्हणाले. "हाऊ धरत नही. तू घर जाय, हर्षल. जेवी ले."

"टेबल कुठं हाललं, नाना?"

"हाललं म्हनस ना मी!"

त्या संध्याकाळी मी पानं नव्यानं लिहिली. निंकी नांकाला चोरून पाहणारा मरतो. आरसा दाखवणारा जिंकतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही. जो नजर न काढता पाहतो आणि दिसेल ते खरं सांगतो, तो घरी जाऊन जेवतो. लामिनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आजीला हे पटलं नसतं. पण खेळायला ती आली असती."

कंपनीनं दोन्ही पानं घेतली. अपेक्षांचा रकाना त्यांना इतका आवडला की पुस्तकातल्या प्रत्येक प्राण्याला तो लावायला सांगितला. मला नोकरी लागली आणि ती मी देवपुरातूनच करते. पुस्तक छापून आलं आहे. त्या पानांच्या तळाशी तीन नावं आहेत: लामिनचं, नानांचं आणि माझं.