खिळ्याची जागा

पुंडलिक मेस्त काहीही बघायचं झालं की एक डोळा मिटतात. डिचोलीच्या बाजारात बांगडे बघताना मिटला, तर मासेवाली ओरडली, "मेस्ता, ह्या वयार डोळो मारता?" मेस्त शांतपणे म्हणाले, "बाये, तुझी टोपली वाकडी आसा."

मेस्त जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवतात. मी नांदेडकडचा, सातवीत शाळा सोडलेला. खाणी बंद झाल्या, माझा ट्रक उभा राहिला, तेव्हा ह्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. म्हणून त्यांचा शब्द मला देवाचा. आणि 'उद्यापासून नको येऊ' म्हणतील ही धास्तीही रोजची.

त्यांची सगळी विद्या एका खिळ्यात. कापडावर खिळा ठोकायचा, त्याला निळीची दोरी बांधायची आणि राजवाड्याचे खांब, छत, फरशी, सगळ्या रेषा त्या खिळ्याकडे न्यायच्या. सपाट कापडात शंभर पावलं खोल दरबार उभा! "खिळो चुकलो की राजा भिंतीक आपटलो म्हूण समज," हे त्यांचं पालुपद.

जत्रेच्या आदल्या दिवशी मेस्त वाळपईला गेले. जाताना पडद्यावर खडूने खूण करून गेले. मी मोजलं, तर खूण मध्यापासून हातभर डावीकडे! म्हातारा चुकला, आपण सावरून घेऊ, असं म्हणत मी बरोब्बर मध्यावर खिळा ठोकला. ते येईपर्यंत खांबसुद्धा रंगवून टाकले.

मेस्त आले. एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला. मला थेट नांदेडची गाडी दिसायला लागली.

"मांडवात आमची बायल खंय बसता?"

"काकी? डावीकडच्या खांबाला टेकून. पाठ दुखते ना त्यांची."

"तिका आयकूंक येना. दिसूंक तरी दरबार नीट दिसूं दी. म्हूण खिळो तिच्यासमोर. इतकी वर्सां."

"पुसतो, मेस्ता. सगळं परत काढतो."

"रंग सुकलो मरे. असूं दी. फाल्यां वेळार यो, पडदो बांदूंक."

उद्या ये म्हणाले! माझा जीव भांड्यात पडला.

जत्रेत पडदा बांधून मी कडेने डोकावलो. काकी मांडवाच्या अगदी मध्यावर बसल्या होत्या. तिथे टेकायला खांब नव्हता. मेस्त होते. काकींच्या पाठीला पाठ लावून, नाटकाकडे पाठ करून, ताठ बसलेले.

"मेस्ता, नाटक हंयसर!" लोक हसत होते. मेस्त हलले नाहीत.

दरबारात राजा आला, तसा काकींनी एक डोळा मिटला.