दिवाणजींनी बोलावलेली पंगत

अख्ख्या रत्नागिरीत माझ्याइतका पुढारलेला निवृत्त माणूस दुसरा दाखवा, मी नाव बदलीन! माझ्या वयाचे बाकीचे लोक रोज सकाळी मोबाइलवर सुप्रभातची फुलं पाठवतात आणि दमतात. मी, भास्कर जोगळेकर, पतपेढीतला माजी हेडक्लार्क, मी चक्क स्वतःचा एआय मदतनीस बनवला. प्रोग्रामिंगचं ओ की ठो न कळता!

त्यात काही नसतं हो. पडद्यावर चौकोन असतात. एक मेसेज वाचणारा, एक विचार करणारा, एक कॅलेंडर बघणारा, एक उत्तर पाठवणारा. माउसने एकातून दुसऱ्यात रेघ ओढायची, की झालं! आमची मुलगी सावनी म्हणाली, "बाबा, आधी दोघातिघांवर चाचणी घ्या." मी म्हटलं, "चाचणी कच्चे लोक घेतात!"

मदतनिसाचं नाव ठेवलं दिवाणजी. खोताच्या पदरी असायचा तसा. बायकोची, म्हणजे पद्मजाची, माझ्याबद्दल एकच तक्रार असते, की मी लोकांना शब्द देतो आणि विसरतो. (एकच म्हणजे मुख्य. बाकीच्या किरकोळ आहेत.) म्हणून विचार करणाऱ्या चौकोनात मी स्वच्छ मराठीत लिहिलं, "भास्कररावांनी ज्याला जे कबूल केलं असेल ते पुरं करावं. दिवस ठरवावा, समोरच्याला कळवावं. मला विचारत बसू नये." शेवटचं वाक्य मला फारच आवडलं होतं.

आता पद्मजाचं सांगतो. घरगुती जेवणाची खानावळ सुरू करायची, हे तिच्या मनात कधीपासून होतं. मुंबईच्या हेतलबेन कोकणच्या सहली काढतात. त्या रविवारी दुपारी आपली माणसं घेऊन चव बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर मोसमभर त्यांच्या गाड्या जेवायला आमच्याच दारात थांबणार! पद्मजा आठवडाभर तोंडात पुटपुटत होती, फणसाची भाजी, डाळिंबी उसळ, सोलकढी, मोदक. "जन्मभर जोगळेकरांची सून म्हणून वाढलं," ती म्हणाली, "एकदा पद्मजा म्हणून वाढू दे." आणि तिचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. मी ताबडतोब कॅलेंडरमध्ये नोंद केली, 'रविवार दुपार, आपल्याकडे जेवण.'

रविवार उजाडला. मोदक वाफेवर चढले आणि माझा फोन वाजला. खेडचा माझा मावसभाऊ मुकुल!

"भास्कर, निघालो रे! सगळेच येतोय! इतक्या वर्षांनी मनापासून बोलावलंस, बरं वाटलं!"

मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवला. कुठे बोलावलं? कधी बोलावलं? तेवढ्यात मेसेज आला, "सावर्डे सोडलं. पोचतोच." हे गृहस्थ कोण, तर त्यांचा जुना फ्रीज आम्ही एकदा विकत घेतला होता! पाठोपाठ बुरोंडीचा रूपेश, "काका, आईलापण आणतोय." रूपेशच्या होडीतून आम्ही एकदा डॉल्फिन बघायला गेलो होतो. डॉल्फिन दिसले नव्हते.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगायची! निरोप घेताना "या एकदा जेवायला" म्हणायचं असतं. समोरच्याने "येणार, येणार!" म्हणायचं असतं. आणि मग कोणी कोणाकडे जायचं नसतं. पिढ्यान्‌पिढ्या कसं सुरळीत चाललंय! पण दिवाणजी पडला कोकणाबाहेरचा. त्याने माझे जुने मेसेज उकरले, सगळी 'या एकदा' गोळा केली, कॅलेंडरात रविवारचं जेवण बघितलं आणि सरसकट आमंत्रणं धाडली! वर मला अहवाल, "आपला एकही शब्द खाली पडू दिलेला नाही."

"काय केलंन त्या तुमच्या दिवाणजीने?" पद्मजाच्या हातातला झारा वर गेला. "हेतलबेनना काय वाढू? आणि बसवू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"अगं, ऐक तरी..."

"मी काही ऐकत नाही! आज माझं काही बिनसलं ना, तर उद्यापासून जेवण त्या दिवाणजीकडे मागा!"

सावनी शांतपणे म्हणाली, "बाबा, आता निस्तरा." एवढं बोलून ती केळीची पानं पुसायला गेली.

पण जोगळेकराचं डोकं आहे ते! रीतीने घोटाळा झाला, तर तो रीतीनेच सुटणार. मी धोतर-सदरा घालून दारात उभा राहिलो. मुकुल बायकोमुलांसकट गाडीतून उतरला, तसा मी दोन्ही हात पसरून ओरडलो, "या, या! जेवूनच आला असाल ना?"

मुकुलचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण माणूस खानदानी! "हो तर," तो म्हणाला, "अगदी भरपेट! आता पाणीसुद्धा नको." त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की मीच नजर वळवली. सावर्डेकर आले. "जेवूनच आला असाल?" "छे छे, म्हणजे हो हो! नुसतं भेटायला आलो." एकेक करून पडवी भरली. सगळे तृप्त! आतून फोडणीचा वास आला, की पडवीभर शांतता पसरायची. माझी छाती मात्र फुगत चालली होती.

गाडी थांबली, की मी सुरू! आणखी एक गाडी थांबली. मी हात पसरले, "या, या! जेवूनच आला असाल ना?"

गाडीतून उतरल्या हेतलबेन.

"जेवून?" त्या जागच्या जागी थांबल्या. "काका, तुमच्याकडे जेवायचं म्हणून आम्ही नाश्तापण नाही केला! आज नाहीये का?"

मी पसरलेले हात हळूच खाली घेतले. पद्मजा पदराला हात पुसत धावत आली. "अहो या ना, ते थट्टा करतात!" असं म्हणत तिने त्यांना आत नेलं. जाताना माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. उरलेलं आयुष्य कुठे काढावं, याचा मी विचार करू लागलो.

आत पानं वाढली. पडवीच्या खिडकीतून खेड आणि सावर्डे एकटक बघत होते. हेतलबेनच्या हातातला मोदक अर्ध्यात थांबला.

"भाभी, ही बाहेरची माणसं कोण?"

पद्मजाने घाईघाईने त्यांच्या पानात आणखी एक मोदक वाढला. आणि नेमका त्याच वेळी रूपेश, त्याची आई ठमाबाई आणि सुरमईची पिशवी पडवीत शिरली. मी सवयीने, पण घाबरत घाबरत पुटपुटलो, "जेवूनच आला असाल..."

"जेवून कशाला येऊ मेल्या?" ठमाबाईचा आवाज स्वैपाकघर ओलांडून विहिरीपर्यंत गेला. "बुरोंडीवरनं हितवर जेवायलाच आलाव आमी!"

हेतलबेन ताटावरून उठून खिडकीशी आल्या. "बुरोंडीहून? फक्त जेवायला?"

"मग!" ठमाबाई म्हणाली.

बांध फुटल्यासारखा मुकुल ओरडला, "आम्हीसुद्धा! खेडहून! पहाटेपासून पोटात काही नाही!"

"मी सावर्डे!" फ्रीजवाल्यांनी हात वर केला.

हेतलबेन पद्मजाकडे वळल्या. "भाभी, एवढ्या लांबून लोक येतात, उपाशी बसून वाट बघतात, आणि तुम्ही मला म्हणत होता की अजून सुरुवात करायचीय? आपलं नक्की!"

पद्मजा तिथेच पाटावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. मग उठली, पदर खोचला आणि भाताचं मोठं पातेलं चढवलं. ठमाबाईने मागच्या अंगणात चूल मांडून सुरमई तळली. मुकुल एवढा जेवला, की त्याला उठायला दोघांचा हात लागला. मला सर्वात शेवटी, उभ्याउभ्या, खरवड मिळाली. मी तक्रार केली नाही.

संध्याकाळी हेतलबेनचा मेसेज आला. सगळं मान्य, फक्त एक अट. जेवणाच्या वेळी काका दारात दिसता कामा नयेत.

मला लागलं हो! अपमान तो अपमान. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि दिवाणजीला सगळं सविस्तर लिहिलं. मीच घडवलेला माणूस, निदान त्याने तरी माझी बाजू घ्यावी! "आता मी काय करावं?" मी विचारलं.

त्याचं उत्तर तत्काळ आलं.

"पाहुण्यांच्या स्वागताचं मी बघतो. आपल्याला नारळ सोलता येतात का?"