भाऊसाहेबांचं वजन

अधीक्षकांच्या खुर्चीत बसून बघायचा मोह भाऊसाहेबांना आवरला नाही, आणि एकदा बसल्यावर उठता आलं नाही. दुपारची सुट्टी होती. पाणीपुरवठा कार्यालयातली सगळी मंडळी डबे खायला गेली होती. जुने अधीक्षक निवृत्त झाल्यापासून ती केबिन रिकामी होती आणि महिनाअखेरीस मोठे साहेब त्या जागेवर कुणाचं तरी नाव लिहिणार होते. ते नाव आपलंच, याबद्दल हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती खुर्चीला. जुने अधीक्षक अंगानं काडीपैलवान. खुर्ची त्यांच्याच मापाची, दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी हात. भाऊसाहेब उठले, तशी खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

तशीच ती पाठीशी घेऊन ते दोन पावलं चालले, तर दारात शिपाई उभा.

"भाऊसाहेब, खुर्ची हलवायचीय का? मला सांगायचं ना!"

"अरे, हलवायची नाहीय! सुटत नाहीय!"

शिपायानं मागून खुर्ची ओढली, भाऊसाहेबांनी पुढून टेबल धरलं. बराच वेळ दोघांनी जोर लावला तेव्हा कुठे सुटका झाली. पँटचं बटण मात्र उडालं ते थेट कपाटाखाली.

"हे कुणाला बोलायचं नाही हं," भाऊसाहेब धापा टाकत म्हणाले. शिपायानं मान डोलावली. आणि खरोखरच त्यानं हे शेवटपर्यंत कुणालाही सांगितलं नाही. तो एवढा शब्दाला पक्का नसता तर पुढचा सगळा घोटाळा झालाच नसता.

संध्याकाळी बायको नवं बटण लावता लावता म्हणाली, "अहो, पद वाढू दे असं मी म्हणत होते. पोट नव्हे."

तिचा धाकटा भाऊ डॉक्टर. त्याला तिनं त्याच दिवशी घरी बोलावलं. भाऊसाहेब पेटलेलेच होते. "उद्यापासून जेवण बंद!" त्यांनी जाहीर केलं. "नुसतं गरम पाणी, आणि पहाटे उठून टेकडीपर्यंत पळायचं."

"आणि परवा?" मेहुण्यानं विचारलं.

"परवाचं काय?"

"परवा दोन्ही दिवसांचं एकदम खाल आणि गुडघा धरून बसाल. भाऊजी, सुरुवातीला असलं मोठं काही करायचंच नाही. ताट लहान घ्या. सावकाश चावून जेवा. चहाबरोबरची बिस्किटं सोडा, लिफ्ट सोडा, पाणी प्यायला स्वतः उठा. पाणीसुद्धा घटाघट नाही, घोटघोट. आणि काट्यावर रोज उभं राहायचं नाही, आठवड्यातून एकदा पुरे. रोज आकडा बघितला की माणूस खचतो."

"बस्, एवढंच?"

"अजून एक. कुणाला सांगत सुटू नका. सांगितलं की येणारा-जाणारा सल्ले देतो, आणि सल्ला देऊन झाला की काहीतरी खायला घालतो."

सल्ला साधा होता, म्हणून भाऊसाहेबांना तो थोडा अपमानास्पद वाटला. पण बायको शेजारी बसली होती, त्यामुळे त्यांनी तो मान्य केला.

आता भाऊसाहेबांचं ऑफिसात वजन किती होतं, ते सांगायला हवं. किलोतलं नव्हे, दुसरं. लिफ्ट फक्त साहेबलोकांची, पण लिफ्टवाला भाऊसाहेबांसाठी दार धरून ठेवायचा. चार वाजता मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चहा आणि बिस्किटांची बशी जायची, तिथे दुसरा कप भाऊसाहेबांचा. त्यांनी बेल दाबली की शिपाई पळत यायचा. कुणाची नळजोडणी अडली, कुणाची रजा अडकली की सगळे त्यांच्याच टेबलाशी यायचे, आणि रिकाम्या हातानं सहसा येत नसत. कुणी घरचा केक, कुणी खारे शेंगदाणे. भाऊसाहेब नाही म्हणायचे आणि खायचे.

तर असा हा माणूस एका सोमवारी सकाळी लिफ्टसमोरून तोंड फिरवून निघाला आणि जिना चढू लागला. लिफ्टवाला दार धरून बघतच राहिला. दुपारी भाऊसाहेब स्वतःचा पेला घेऊन स्वतः माठाशी गेले. जेवताना त्यांनी नेहमीचा चार मजली डबा न उघडता एक चिमुकली डबी काढली आणि खाली मान घालून, अगदी सावकाश, एकेक घास चावत बसले. चार वाजता साहेबांकडून चहाचं बोलावणं आलं, तेव्हा म्हणाले, "आज नको. साहेबांना सांग, आता मी येत जाणार नाही." समोर बशीत बिस्किटं असताना आपला हात ऐकणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. इतरांना कुठे ठाऊक होतं?

आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाला सगळे आवकजावक असंच म्हणत. टपाल नोंदवणं हे त्याचं काम, पण लौकिक वेगळाच होता. त्याच्याकडे आलेली बातमी मुक्कामाला कधी राहत नसे. त्यानं हे सगळं पाहिलं आणि शेजारच्या लेखापालांना कोपर मारलं.

"लिफ्ट बंद. शिपाई बंद. साहेबांचा चहा बंद. काहीतरी शिजतंय हो."

"डबासुद्धा बघा केवढासा आणलाय," लेखापाल म्हणाले. "अन्न गोड लागत नाहीय बिचाऱ्याला." लेखापालांचाही त्या खुर्चीवर डोळा होता, त्यामुळे त्यांच्या सुरात वाईट वाटल्याचा भाग फार नव्हता.

पुढच्या सोमवारी फोन वाजला. त्या दिवशी सकाळी भाऊसाहेब आठवड्यानं पुन्हा काट्यावर उभे राहिले होते, पण चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसला नव्हता. आकडा बायकोनं बघितला होता, आणि भावाला विचारून झाल्यावर ती आता सविस्तर सांगत होती. भाऊसाहेब फोनवर हात धरून दबक्या आवाजात बोलू लागले. आवकजावक टपालाचा गठ्ठा घेऊन नेमका मागे उभा होता.

"काय म्हणतेस? वजन कमी झालं माझं?... अगं, हळू बोल... नाही, इथे कुणालाच पत्ता नाही. साहेबांच्या कानावर गेलं तर बरं दिसेल का?... अजून कमी करणार म्हणतो? बापरे... हां, एकदम नाही, हळूहळू... बरोबर आहे, एकदम केलं तर झेपायचं नाही मला."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आनंदाचं होतं. आवकजावकनं ते पाहिलं आणि तो पाय न वाजवता परत गेला. चहाच्या वेळेपर्यंत तळमजल्यावरच्या मीटर दुरुस्तीवाल्यांनासुद्धा कळलं होतं, की भाऊसाहेबांचं वजन कमी झालं आणि वरचे लोक ते अजून, हळूहळू, कमी करणार आहेत.

त्यानंतर ऑफिसनं आपला रंग दाखवला. लिफ्टवाल्यानं दार धरणं सोडलं. शिपायाला बेल ऐकू येईनाशी झाली. खुर्चीचं गुपित त्यानं राखलं होतं, पण वाऱ्याची दिशा त्यालाही कळत होती. टेबलावरच्या फायली हळूच लेखापालांकडे गेल्या. केक भाऊसाहेबांच्या नाकासमोरून पुढे जाऊ लागला आणि शेंगदाण्यांची पुडी लेखापालांच्या टेबलावर सुटू लागली.

आणि आमचे भाऊसाहेब? ते गहिवरून गेले!

"काय माणसं आहेत गं!" ते घरी येऊन बायकोला सांगू लागले. "त्या शिपायानं खुर्चीचं बोलून टाकलेलं दिसतंय. पण कुणी चिडवलं नाही, हसलं नाही. सगळे गुपचूप मदत करतायत. माझ्यासमोर कुणी खाण्याचं नावसुद्धा काढत नाही. मला हालचाल व्हावी म्हणून शिपाई मुद्दाम येत नाही. फायलींचा ताणसुद्धा काढून घेतला माझ्यावरचा!"

बायकोची सुई हवेतच थांबली. ती पँट आत घेत होती. "फायली काढून घेतल्या? मग सह्या कोण करतं?"

"लेखापाल करतात. भला माणूस."

"आणि साहेबांकडे चहाला कोण जातं?"

"लेखापाल..." भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा उतरला.

बायको सुई टोचून ठेवत म्हणाली, "अहो, आज मला बाजारात तुमचे ते आवकजावक भेटले. पिशवी खाली ठेवून हात जोडले त्यांनी. म्हणाले, वहिनी, धीर धरा. भाऊसाहेबांचं वजन कमी झालं, ऐकून फार वाईट वाटलं."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, वाईट कसलं? आम्ही घरात सगळे खूश आहोत! मीच तर मागे लागले होते. माझ्या भावानं सगळं जमवून आणलं. आणि अजून बरंच कमी व्हायला हवंय!"

"बरोबर बोललीस की."

"बरोबर काय, कपाळ! ते माझ्याकडे असे बघत राहिले, जशी काही मी नवऱ्याच्या जिवावर उठलेय. अहो, ते तुमच्या या वजनाचं बोलत नव्हते. ते दुसऱ्या वजनाचं बोलत होते!"

भाऊसाहेबांच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. पण पडला तेव्हा ते मटकन खाली बसले. आयुष्यभर ज्या खुर्चीची वाट पाहिली ती डोळ्यांदेखत चालली होती, आणि त्यांनी स्वतःच, एकेक बिस्कीट सोडून, ती घालवली होती. रडावंसं वाटलं त्यांना. त्या रात्री त्यांना लहान ताटातलंसुद्धा जेवण गेलं नाही.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकतात तोच मोठ्या साहेबांचं बोलावणं. साहेब चांगलेच गोलमटोल होते आणि रागावले की अजून गोल दिसायचे. लेखापाल चहा पीत बसले होते, त्यांना साहेबांनी बाहेर पाठवलं.

"तुमचं वजन कमी झालं म्हणे?"

"हो साहेब, पण..."

"कुणी केलं?" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "या ऑफिसात कुणाचं वजन कमी करायचं आणि कुणाचं वाढवायचं, ते मी ठरवतो! माझ्या परस्पर कुणी केलं?"

"मेहुण्यानं, साहेब."

"मेहुण्यानं? कुठे असतो तो?"

"दवाखान्यात."

"अहो, आजारी माणसाचा हात एवढा वरपर्यंत पोचतो?"

"साहेब, तो डॉक्टर आहे!" भाऊसाहेबांना आता राहवेना. खुर्ची जातेच आहे तर लाज कशाला ठेवा? त्यांनी सरळ शर्ट वर केला आणि पट्टा दाखवला. "हे बघा, हे भोक नवीन पाडलंय. हे वजन कमी झालंय, साहेब. चहाला येत नव्हतो तो बिस्किटांमुळे. जिना चढत होतो तो पोटामुळे. आणि हे सगळं केलं ते त्या अधीक्षकांच्या खुर्चीसाठी. मी तिच्यात अडकलो होतो हो!"

साहेब बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. मग उठले. आता हाकलतात, असं भाऊसाहेबांना वाटलं. साहेबांनी दार नीट लावलं, परत आले, समोरची बशी दूर सारली आणि हळूच विचारलं, "खरंच नुसती बिस्किटं सोडून होतं?"

महिनाअखेरीस साहेब स्वतः भाऊसाहेबांना रिकाम्या केबिनमध्ये घेऊन गेले. म्हणाले, "बसा." भाऊसाहेब बसले. "उठा." भाऊसाहेब उठले, आणि खुर्ची जमिनीवरच राहिली. साहेबांनी तिथल्या तिथे कागदावर नाव लिहिलं. शिपाई दारात उभा होता, त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण भाऊसाहेबांचं वजन परत आलं म्हटल्यावर केकही परत आला, शेंगदाणेही आले, आणि अधीक्षक म्हणून वर नारळाच्या वड्याही आल्या. लिफ्टवाला तर हात धरून आत घेऊ लागला. भाऊसाहेबांनी नाही म्हणून पाहिलं, पण त्यांच्या नाही म्हणण्याचा अर्थ ऑफिसला जुन्या काळापासून ठाऊक होता. थोड्याच दिवसांत एका दुपारी ते केबिनमधून उठले, तेव्हा खुर्ची किंचित हलली.

भाऊसाहेब चपापले. त्यांनी बेल दाबून आवकजावकला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "घरचे म्हणून तुम्हाला सांगतो. कुणाजवळ बोलू नका. माझं वजन परत कमी करणार आहेत."

"अरेरे!" आवकजावक म्हणाला, आणि निघालाच.

दुसऱ्या दिवशी टेबल स्वच्छ होतं. लिफ्टवाल्यानं ओळख दाखवली नाही. भाऊसाहेब मजेत गुणगुणत जिना चढू लागले, तर मधल्या वळणावर कठड्याला धरून मोठे साहेब धापा टाकत उभे. हातात एक चिमुकली डबी.

"साहेब! तुम्ही? जिन्यानं?"

"लिफ्ट सोडली," साहेब कसेबसे म्हणाले. "बिस्किटंही सोडली. वजन कमी होतंय, भाऊसाहेब."

"छान झालं साहेब, अभिनंदन," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मेहुण्याचाच सल्ला, आपणच दिलेला, शंका घ्यायला जागाच कुठे होती? तरी उरलेल्या पायऱ्या चढताना त्यांच्या मनात काहीतरी वळवळत राहिलं. लिफ्ट बंद. चहा बंद. डबी केवढीशी. वर गेल्यावर ते स्वतःलाच रागावले आणि कामाला लागले.

अकराच्या सुमाराला साहेबांची बेल वाजली. एरवी त्या आवाजासरशी भाऊसाहेब उडी मारून उठायचे. आज त्यांनी आधी हातातला पेला पाहिला, त्यातलं पाणी घोटघोट, अगदी सावकाश संपवलं, आणि मग उठले.