गरीब बिचारी गाठ

गाठ समजावून सांगावी तर मीच! पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी दिवसभर गाठींचीच जात ओळखत असते. त्यामुळे सासऱ्यांच्या कोपराखाली लिंबाएवढी गाठ आली आणि तपासणीत ती चरबीची, साधी निघाली, तेव्हा मी त्यांना पुढ्यात बसवून धडाच दिला.

"बाबा, ही कॅन्सरची नाही. कुठे पसरत नाही. गरीब आहे बिचारी!"

धडा इतका उत्तम झाला की सासऱ्यांनी आपल्या शिवणकामाच्या दुकानात प्रवचनच मांडलं. शर्टाचं माप घेता घेता ते गिऱ्हाइकांच्या गाठीही मोजू लागले!

एका संध्याकाळी मी दुकानात शिरले, तर एका काकांच्या मानेवर टेप.

"पावणेदोन इंच. साधीच! खुशाल झोपा."

"बाबा!" मी किंचाळले. "टेपने कधी जात कळते का? काका, उद्याच डॉक्टरांना दाखवा!"

"शिकवलंस तूच," म्हणत सासऱ्यांनी ऐटीत कापडाला कात्री लावली. कात्री मिटली. पण उघडेना! शेवटी डाव्या हाताने पाती ओढून वेगळी करावी लागली.

"गंजली मेली!"

माझ्या हातात तीच कात्री लोण्यातून चालावी तशी चालली.

"बाबा, बोटं सरळ करा बघू."

बोटं रुसलेल्या जावयासारखी मान खाली घालून बसलेली. उभा जन्म ज्या हाताने कापड बेतलं, तो हात!

"तुमची गाठ बोटांची नस दाबतेय. काढावी लागेल."

"का? गरीब आहे ना बिचारी?"

"गरीब माणूस तुमच्या छातीवर बसला तर?"

"ऊठ म्हणेन!"

"ही सांगून उठत नाही. पसरत नसली तरी वाढते, आणि बसलीय अगदी नसेवर! उशीर केलात तर बोटं कायमची जातील."

सासऱ्यांनी टेप गुंडाळून ठेवली. मग हळूच म्हणाले, "चल."

सर्जनने हात तपासला, आणि गाठ निघाली. काचपट्टीवर मीच पाहिली. शंभर टक्के साधी! बोटं सावकाश, महिनोन् महिने व्यायाम करून जागी झाली. आणि एके सकाळी दुकानातून आवाज आला: कचक, कचक, कचक! मला तर सनई वाजल्यासारखं वाटलं. जिंकले मी! विजयी मुद्रेने दुकानात गेले.

सासरे गिऱ्हाइकाला सांगत होते, "सर्जन काय हुशार हो! एका शब्दात पटवलं, 'काढा.' आमची सूनही शिकलेली आहे, पण बोलते फार!"